जागेवर उभी राहून चाललेली गाडी

गाडीचं नाव मी सांगणार नाही. त्या जर्मन कंपनीनं आयुष्यात मला साधं कॅलेंडर पाठवलं नाही, मग मी तिची फुकटची जाहिरात कशाला करू? बॉनेटच्या टोकावर तारा उभा असतो, एवढ्यावरून ज्याला समजायचं त्याला समजेल.

संपादकांनी 'मेकॅनिकच्या आठवणी लिहा' म्हटलं तेव्हा मी आधी हसलो. तेहतीस वर्षं मी अकोल्यात गॅरेज चालवलं. पोट भरलं ते ट्रॅक्टर आणि जीपवर. पण जेवणावळीत भात किती खाल्ला हे कोणी सांगत नाही, लोणच्याबद्दल मात्र सगळे बोलतात. तशा माझ्या या जर्मन गाड्या. अकोला आणि अमरावती मिळून सातच होत्या. पण सात गाड्यांनाही एक मिस्त्री लागतोच, आणि बार्शीटाकळीच्या बौद्धपुऱ्यातून आयटीआयला जाऊन डिझेल मेकॅनिक झालेला हा वानखडे तो मिस्त्री होता. मला ते काम येत होतं म्हणून नाही. दुसरा कोणी हात लावायला तयार नव्हता म्हणून.

या गाड्यांना आम्ही नंबरानं ओळखतो. ही मधल्या घराण्यातली गाडी. मंत्र्यांची ती थोरली वेगळी आणि हौशी लोकांची धाकटी वेगळी. एकशे तेवीस, मग एकशे चोवीस, मग दोनशे दहा, असा हा वंश. एकशे तेवीस म्हणजे रेड्याच्या ताकदीची, रेड्याच्याच चालीची. तिच्या मुलखात म्हणे ती टॅक्सीला चालायची. हे मी इथल्या मालकांना कधी सांगितलं नाही, बिचाऱ्यांचा जीव गेला असता. एकशे चोवीस ही पुण्याकडे जुळवली गेलेली पहिली. इतकी गुपचूप चालायची की अमरावतीच्या एक डॉक्टरीणबाई चालू इंजिनाला पुन्हा किल्ली मारायच्या आणि स्टार्टरचे दात झिजले की मला फोन करायच्या. दोनशे दहाला पुढे चार गोल दिवे आणि पोटात कॉम्प्युटर. अमरावतीच्या एका क्लासवाल्या सरांनी ती जुनी घेऊन क्लासच्या दारात उभी केली होती. पालक ॲडमिशनला आले की दिसली पाहिजे, एवढंच तिचं काम. एकदा डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागला. सर म्हणाले, "वानखडे, दिवा तेवढा बंद करून द्या. बिघाड राहू द्या."

मी दिवा बंद केला. पण त्या दिवशी मला कळलं की आपला धंदा आता उतरणीला लागला. कानानं गाडी ओळखणाऱ्या माणसाचं त्या कॉम्प्युटरपुढे काही चालत नव्हतं.

असो. गोष्ट सांगायची आहे ती एकशे तेवीसची. अकोटच्या जमीलभाईंची.

जमीलभाईंची अकोटला ऑईल मिल होती. जिनिंगमधून कापसाचं बी, म्हणजे सरकी यायची. ती एक्स्पेलरमध्ये दाबायची. एक्स्पेलर म्हणजे लोखंडी नळकांड्यात फिरणारा जाड स्क्रू. एका बाजूनं तेल गळतं, दुसऱ्या बाजूनं ढेप निघते. तेल माणसांना, ढेप ढोरांना. मुंबईच्या कुठल्याशा लिलावात त्यांनी ही सायीच्या रंगाची डिझेल गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात ती माझ्या दारात आणली.

आले, उतरले, दार लावलं. किल्ली त्यांच्या हातात आणि इंजिन चालूच!

"काय भानगड आहे ही, मिस्त्री? किल्ली माह्या हातात अन् हे बेटं चालूनच राहिलं. घरचे म्हणतात, गाडीत काही तरी शिरलं."

बाहेरच्यांसाठी सांगतो. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. ठिणगी तोडली की ते मेलं. डिझेलला ठिणगीच नसते. तेल मिळत राहिलं की ते चालत राहतं. या गाडीत किल्ली फिरवली की एका बारीक रबरी नळीतून हवा ओढली जाते आणि त्या ओढीनं तेल बंद होतं. नळी चिरली की किल्ली नुसती शोभेची. पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी ट्रॅक्टरवाल्याच्या अकलेनं गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक दाबला, क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि गप झाली. पंधरा दिवस जमीलभाई ती तशीच बंद करत होते. मग एकदा बॉनेट उघडून दुसरंच काही करताना दिसलं की इंजिनावर एक छोटी लोखंडी पट्टी आहे. ती बोटानं दाबली की इंजिन बंद. जर्मनांनी सोय केलेली होती. पट्टीवर चक्क 'स्टॉप' लिहिलेलं होतं, फक्त वरच्या काजळीनं ते झाकलं होतं.

"आयटीआयत वाचाले शिकवत नाई का?" जमीलभाई म्हणाले आणि पोट धरून हसले. तिथून आमची दोस्ती झाली.

माणूस अवली होता. डिझेल महागलं तसं त्यांच्या डोक्यात आलं की घरच्या मिलमध्ये तेल असताना बाहेरचं का घ्यायचं? या गाडीचं इंजिन जुन्या घाटाचं. ते सरकीचं तेल पचवतं, हे खरं आहे. पण ते गाळून, निवळून द्यावं लागतं. सुरुवात डिझेलवर करायची, इंजिन तापलं की तेलावर घ्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचं. जमीलभाईंनी यातलं काही न करता थेट घाण्यावरचं कच्चं तेल टाकीत ओतलं. पौषातल्या थंडीत ते टाकीत थिजलं. दोन दिवस मी आणि ते उकळत्या पाण्याच्या घागरी घेऊन त्या टाकीला शेक देत होतो. नंतर मी दुसरी छोटी टाकी बसवली, गाळणी बसवली आणि गाडी तेलावर छान चालू लागली. धुराला भज्यांचा वास यायचा. अकोल्यात सिग्नलला जमीलभाई थांबले की मागचे स्कूटरवाले इकडे तिकडे हॉटेल शोधायचे.

त्यांना गाडीच्या आवाजाचं वेड होतं. एकशे तेवीस डिझेलचा आवाज म्हणजे सुगीत लोखंडी मापानं ज्वारी मोजतात तसा. खण, खण, एका लयीत. दर काही महिन्यांनी त्यांचा फोन यायचा, "वानखडे, टॅपेट वाजून राहिलं." मला ऐकू यायचं नाही, पण उघडून पाहिलं की एका व्हॉल्व्हची फट खरंच वाढलेली असायची. माझ्या कानाचा मला फार गर्व होता. जमीलभाईंनी तो उतरवला.

मग ते आजारी पडले. अकोल्याच्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावर होते. एका दुपारी मला म्हणाले, "गाडी आणून खिडकीखाली चालू करशीन का?" मी अकोटहून गाडी आणली, खाली उभी केली, चालू केली आणि वर गेलो. डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "तिसऱ्याचं टॅपेट." मी हसलो. ते हसले नाहीत. माझं मनगट धरून म्हणाले, "मी गेल्यावर लोक येतीन. हे इंजिन लय कामाचं आहे, कोणी बोटीले मांगीन, कोणी पंपाले. उतरवू देऊ नको. तुले सांगून ठेवतो." मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस नाही कसं म्हणणार? आठवड्याभरात ते गेले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरवाले, टीव्हीवाले, पाहणी पथकं, सगळ्यांच्या गाड्या वऱ्हाडात यायच्या. त्यांचे पंक्चर काढून मी चार पैसे कमावले, खोटं कशाला बोलू? पण त्याच काळात लोडशेडिंग असं सुरू झालं की दिवसाची वीज म्हणजे पाहुणी. आली तर आली. जमीलभाईंच्या मागे त्यांच्या पत्नी रेहानाभाभी मिल चालवत होत्या. अकरा माणसं कामाला. एक्स्पेलर मध्येच बंद पडला की आत दाबलेली सरकी दगडासारखी घट्ट बसते, ती छिन्नीनं काढावी लागते. दिवसातून तीनदा वीज गेली की सगळा दिवस छिन्नीतच जायचा. दोन दीर टपून बसले होते. या हंगामात मिल चालली नाही तर यंत्रं भंगारात आणि जागेचे प्लॉट, असं त्यांचं ठरलं होतं. भाभींनी एक हंगाम मागून घेतला होता.

त्यांनी मला बोलावलं. मिलच्या आवारात गाडी ताडपत्रीखाली उभी होती. भाभींनी ताडपत्री ओढली आणि म्हणाल्या, "वानखडेभाऊ, हे इंजिन उतरवा अन् एक्स्पेलरले जोडून द्या."

मी त्यांना मग दवाखान्यातली गोष्ट सांगितली.

"मले माहीत आहे," भाभी म्हणाल्या. "मले पण सांगून गेले. गेलेल्या माणसाचं काय, त्याईले पगार द्या लागत नाई. इथं अकरा घरं आहेत. तुमी नाई उतरवलं तर मी अमरावतीहून दुसरा मिस्त्री आणीन. थो इंजिन उतरवीन अन् मोडून बी ठेवीन. मंग शब्द पाळल्याचं समाधान तुमाले, अन् भंगार मले."

बाई खरं बोलत होती, म्हणूनच राग आला. मी चहा न घेता निघालो. एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, बसमध्ये बसलो. बस सुटायच्या बेतात असताना मला माझ्या मामांची पिठाची गिरणी आठवली. मामा ट्रॅक्टरचं मागचं एक चाक उचलून त्याच्यावर पट्टा चढवायचे आणि गिरणी फिरवायचे. इंजिन जागचं हलवायचं कारणच नव्हतं. मी बसमधून उतरलो. कंडक्टर ओरडत होता, "अरे तिकीट काढलं न बाप्पा तुमी!"

भाभींना योजना सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली आणि एवढंच विचारलं, "कितीक दिवस लागतीन?"

चार दिवस लागले. गाडीचं मागचं डावं चाक काढलं, त्या जागी लोखंडी पुली बसवली, ती बाजू घोडीवर टेकवली, बाकी तीन चाकांना दगडी टेकू दिले. पट्टा पुलीवरून थेट एक्स्पेलरवर. गाडी कुठं तोंड करून उभी करायची यावर मिलमध्ये पंचायत भरली. सगळ्यांचं म्हणणं, तारा रस्त्याकडे दिसला पाहिजे. जमीलभाईंची गाडी, तिनं रस्त्याला पाठ का दाखवायची? मलाही ते पटलं. तारा रस्त्याकडे करून गाडी उभी केली. भाभींनी बिस्मिल्ला म्हटलं, मी हीटरचा दिवा विझायची वाट पाहिली, किल्ली फिरवली, गिअर टाकला. एक्स्पेलर फिरू लागला, माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि वरच्या तोंडातून टाकलेली सरकी तिथूनच उसळून सगळ्यांच्या अंगावर आली. तोंड उलटं ठेवल्यामुळे एक्स्पेलर उलटा फिरत होता. तारा दिसावा म्हणून आम्ही चाकाची दिशाच विसरलो होतो. अकरा माणसं, एक भाभी आणि एक इतका अनुभवी मिस्त्री, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गाडी वळवायची की काय? भाभी सरकी झटकत म्हणाल्या, "तारा तसाच राहू द्या. पट्ट्याले आटा मारा." पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की दिशा उलटते. हे मला सुचायला हवं होतं.

त्या दिवसापासून मिल चालू लागली. इंजिन थंड राहावं म्हणून रेडिएटरपुढे ओलं पोतं लटकवलेलं असायचं. सरकी दाबून जे तेल निघायचं त्यातलंच गाळून गाडीला. बैलानं आपल्या वैरणीसाठी राबावं तशी ती राबत होती. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. एक म्हातारे गृहस्थ रोज विचारायचे, "कावून हो, आज कुठवर पोचली गाडी?"

विचारणं अगदीच चुकीचं नव्हतं. या गाडीत मीटर गिअरबॉक्सवरून फिरतो. गाडी जागची हलत नव्हती, पण मीटरवर काटा चाळीसवर असायचा आणि किलोमीटर वाढतच जायचे. संध्याकाळी मिल बंद करताना भाभी काचेतून आकडा बघायच्या आणि सांगायच्या, "आज नागपूरच्या पुढं गेलो." कधी नाशिक, कधी हैदराबाद. दीर आले की त्यांनाही आकडा दाखवायच्या.

एक चूक मात्र इथे कबूल करतो. महिनाभरानं गाडीच्या मागच्या बाजूनं कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. दोन चाकांच्या मध्ये गिअरचा एक गोळा असतो, त्याला आम्ही डिफ म्हणतो. गाडी वळताना एक चाक जास्त फिरावं, एक कमी, यासाठी तो असतो. वळण असतं क्षणाचं. मी मात्र त्या गाडीला महिनाभर एकसारखं वळायला लावलं होतं, कारण एक चाक जमिनीवर आणि एक हवेत. मामांच्या ट्रॅक्टरचं मला आठवलं, पण मामा तासभर दळण दळायचे आणि इथं दिवसभर घाणा चालायचा, हे नाही आठवलं. उघडून पाहिलं तर आतले छोटे गिअर जळून निळे पडले होते. भाभींना म्हटलं, "जुनी गाडी आहे, होतं असं." ते खोटं होतं. चूक माझी होती. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांना कळेल, आणि फोन येईल याची मी तयारी ठेवली आहे.

तीन दिवस मिल बंद राहिली.  दीर आवारात टेप घेऊन मोजमाप करून गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अमरावतीच्या भंगार बाजारात एका अपघात झालेल्या एकशे तेवीसचा सांगाडा होता. त्याच्या पोटातून मी गिअर काढून आणले आणि बसवले. आणि नियम घातला की दर दोन तासांनी वीस मिनिटं गाडीला विश्रांती. गाडी थांबली की माणसंही थांबायची. जमीलभाईंच्या काळात न मिळालेली चहाची सुट्टी अशी सुरू झाली. ती अजून चालू आहे म्हणतात.

हंगाम निघाला. त्यानंतरचाही निघाला. तिसऱ्या वर्षी भाभींनी मिललायक जनरेटर घेतला. प्लॉटची भाषा दिरांनी सोडून दिली होती. एक तर ढेपेच्या एजन्सीसाठी भाभींकडे खेटे घालत होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण लाजही नसते.

मग भाभींचा फोन आला, "गाडी खाली उतरवा, भाऊ. एकडाव मले तिच्यात बसायचं आहे."

मला खरं वाटेना. गाडी घरात आल्यापासून जमीलभाई तिच्यात होते, पाहुणे होते, तेलाचे डबेही होते. भाभी मागच्या सीटवर दोन-तीनदाच बसल्या होत्या. मी आदल्या दिवशी गेलो. पुली काढली, चाक बसवलं, ब्रेक सोडवले, टायर बदलले. मीटरवर पाहिलं. दोन हंगामांत गाडी नव्वद हजार किलोमीटर चालली होती आणि एका फुटानंही पुढे सरकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी पुढच्या सीटवर बसल्या. अकरा माणसं फाटकाशी उभी होती. मी गाडी हळूहळू बाहेर काढली. रस्त्यावर आल्यावर भज्यांचा वास पसरला, लोक वळून पाहू लागले, आणि तो रोजचा म्हातारा टपरीवरून ओरडला, "अरे, निघाली रे निघाली!" भाभी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"कुठं जायचं, भाभी?" मी विचारलं. मला वाटलं अकोला, नाही तर मुलीकडे अमरावतीला.

"कब्रस्तानाकडे घ्या."

गावाबाहेर फाटकापाशी गाडी उभी केली. भाभी उतरल्या नाहीत. बायकांनी आत जायचं नसतं म्हणाल्या. भिंतीपलीकडे लिंबाच्या झाडाखाली जमीलभाईंची कबर दिसत होती. मी सवयीनं किल्ली काढली. इंजिन चालूच राहिलं. दोन हंगामांच्या उष्णतेनं ती रबरी नळी पुन्हा चिरली असणार. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आज तरी हिनं नीट वागायला हवं होतं. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि त्या 'स्टॉप'च्या पट्टीकडे बोट नेलं.

"राहू द्या, भाऊ," भाभी आतून म्हणाल्या. "बंद नका करू. त्याईले ऐकू द्या. इंजिन उतरवलं नाई म्हणून."

मी तसाच उभा राहिलो. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे आवाज आणखी मोकळा येत होता. खण, खण, एका लयीत. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी इंजिनावर वाकलो आणि उगीच इकडे तिकडे हात लावत राहिलो. टॅपेट मी आदल्या दिवशीच सेट केले होते. चारही सिलिंडरचे. तिसऱ्याचे दोनदा तपासले होते.

पाच-सात मिनिटं झाली असतील. भाभींनी पदरानं तोंड पुसलं, डॅशबोर्डवर एकदा हात ठेवला.

"ऐकलं त्यायनं," त्या म्हणाल्या. "आता दाबा, भाऊ."

मी पट्टी दाबली.